शुद्धिपत्र पोचलंच नाही



पुस्तक छापून झाल्यावर त्यात चूक सापडली, तर प्रकाशक एक लहानशी चिठ्ठी छापून घेतो. पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध हे, शुद्ध हे. तिला आपण शुद्धिपत्र म्हणतो. दुकानात शिल्लक असलेल्या प्रतींमध्ये ती चिकटवता येते. पण ज्या प्रती आधीच साताऱ्यात, कराडात, सांगलीत लोकांच्या घरी जाऊन बसल्या, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. तिथली चूक तशीच राहते. कवितेच्या पुस्तकात त्यानं फारसं बिघडत नाही. एखादी ओळ लंगडते, इतकंच. आज मात्र मी अशा एका शुद्धिपत्राची हकीकत सांगणार आहे, जे जगभरातल्या लाखो प्रतींना चिकटवायचं राहून गेलं आणि त्याची झळ आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरापर्यंत येऊन पोचली.

विषय संगणकाचा आहे. मी बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. मला संगणकावर टंकलेखन येतं, त्यापलीकडे फारसं नाही. पण माझा भाचा पुण्यात एका कंपनीत याच दुरुस्तीच्या कामात आहे. ईदला घरी आला की त्याला मी खोदून खोदून विचारत असतो. त्याच्या बोलण्यात सारखा ‘कर्नल’ हा शब्द यायचा. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी फौजी गावं आहेत. कर्नल म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे गणवेशच उभा राहतो. तो हसून म्हणाला, “मामू, फौजेतला नव्हे. शेंगेतला दाणा असतो ना, तो.”

इंग्रजीत दाण्याला, बियांच्या आतल्या गराला याच उच्चाराचा शब्द आहे. संगणक चालवणारी जी मूळ यंत्रणा असते, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, तिचा सर्वांत आतला भाग म्हणजे हा कर्नल. आपण त्याला गाभा म्हणू. पडद्यावर दिसणारी चित्रं आणि खिडक्या हे सगळं टरफल. कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची, कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे आत बसून गाभा ठरवतो. गावातल्या सगळ्या जमिनीचं दप्तर ज्याच्या हाती असा तलाठी आणि गस्त घालणारा कोतवाल, दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिल्यासारखी ही गोष्ट आहे. त्याला कोणी ताब्यात घेतलं तर दाद कुणाकडे मागायची? संगणकात त्याच्यावर कोणीच नसतं.

आता ही जमीन म्हणजे काय, ते पाहू. संगणकाची स्मृती हे एक लांबलचक शिवार समजा. त्याचे क्रमांक घातलेले लहान लहान तुकडे. कुठलंही काम सुरू झालं की गाभा त्याला मोजून तुकडे देतो आणि काम संपलं की परत घेतो. एका तुकड्यात तुमचं नाव, शेजारच्या तुकड्यात तुमचा परवलीचा शब्द, त्याच्या शेजारी ‘आता पुढे हे करा’ असा संगणकाला दिलेला हुकूम. सगळं एका ओळीत, एकमेकांना लागून.

शेत शेजारी शेजारी असलं की काय होतं, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. कोणीतरी नांगरताना बांध कोरतो. दर वर्षी वीतभर आत सरकतो. आपल्याकडे याच्यावरून तीन तीन पिढ्या कोर्टात जातात. संगणकातही बांध कोरला जातो. एखाद्या कामाला शंभर तुकडे दिलेले असतात आणि ते एकशेवीस तुकड्यांवर लिहून मोकळं होतं. वरचे वीस शेजाऱ्याचे. तिथं जर संगणकाला दिलेला हुकूम असेल, तर तो पुसला जाऊन लिहिणाऱ्याचा हुकूम तिथं येतो. दुसरा एक प्रकार कुळाचा. जमीन सोडून गेलेल्या कुळाकडे जुनी चिठ्ठी राहून जाते. जमीन दुसऱ्याला दिली जाते आणि पहिला त्या चिठ्ठीच्या जोरावर पुन्हा आत शिरतो. जाणकार या सगळ्याला मिळून स्मृती-सुरक्षेचे दोष म्हणतात.

हे होतं, कारण बहुतेक गाभे ‘सी’ नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेले आहेत. ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संस्थेत डेनिस रिची यांनी घडवली. अत्यंत वेगवान आणि काटकसरी भाषा. पण तिच्यात बांधावर राखणदार नसतो. लिहिणाऱ्यानं स्वतः हद्द पाळायची असते. लाखो ओळी लिहिणाऱ्या हजारो माणसांपैकी कोणी एकदाही चुकणार नाही, या भरवशावर हा सगळा व्यवहार चालत आला आहे.

अशीच एक चूक मायक्रोसॉफ्टच्या विंडोजच्या गाभ्यात अनेक वर्षं पडून होती. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइली देण्याघेण्याचं काम करणारा जो जुना भाग आहे, त्यात. चूक आकडा दुरुस्त करण्यातली होती. भाच्यानं मला ती आपल्या नेहमीच्या हिशेबात उलगडून सांगितली. समजा वहीत १,००,००० असा आकडा लिहिलेला आहे. मोजणी केल्यावर कळलं की खरा आकडा ९९,५०० आहे. लिहिणाऱ्यानं दुरुस्ती केली, पण फक्त शेवटच्या पाच घरांत. सुरुवातीचा एक तसाच राहिला. वहीत झालं १,९९,५००! आकडा कमी व्हायला हवा होता, तो जवळजवळ दुप्पट झाला. संगणकानं जागा दिली खऱ्या मापाची आणि त्यात माल ओतला दुप्पट मापाचा. उरलेला माल बांध फोडून शेजारच्या शिवारात. ज्याला हे मर्म कळलं, त्यानं तो माल असा भरला की सांडलेला भागच संगणकाला हुकूम देऊ लागला. तेही दुरून, जाळ्यातून. समोरच्या माणसानं एकही बटण न दाबता.

याची दुरुस्ती काय? ढोबळमानानं सांगायचं तर आकडा सगळ्या घरांत लिहायचा. ऐकायला किती साधं! पण गाभ्यातली दुरुस्ती करताना आधी दोष आपल्या समोर पुन्हा घडवून दाखवावा लागतो. मग चुकीची नेमकी ओळ शोधायची, ती बदलायची आणि त्या ओळीवर विसंबून असलेलं दुसरं काही मोडत नाही ना, हे हजार तऱ्हांनी तपासायचं. तोवर याचा बोभाटा होऊ द्यायचा नाही. हे सगळं होऊन मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी बाहेर आली. ‘एमएस १७-०१०’ हा तिचा क्रमांक. अशा दुरुस्तीला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आमच्या घरात शिलाईचं यंत्र होतं, त्यामुळं हा शब्द मला शुद्धिपत्रापेक्षाही जवळचा वाटतो.

आता या गोष्टीतली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब सांगतो. ही फट अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला कितीतरी आधीपासून ठाऊक होती, असं त्या वर्षी तिथल्या वृत्तपत्रांनी लिहिलं. त्या संस्थेनं ती बुजवायला सांगण्याऐवजी तिच्यातून आत शिरण्याचं हत्यार बनवलं. त्याचं नाव ‘इटर्नल ब्लू’. पुढे हे हत्यारच चोरीला गेलं. १४ एप्रिल २०१७ रोजी ‘शॅडो ब्रोकर्स’ असं नाव घेणाऱ्या टोळीनं ते जगासमोर उघडं टाकलं. गावातल्या एका घराची कडी मोडकी आहे हे पाटलाला ठाऊक असावं, त्यानं घरमालकाला न सांगता स्वतःच्या सोयीसाठी ते मनात ठेवावं आणि एक दिवस ते चोरांच्या कानी जावं, असा हा प्रकार.

तारखा लक्षात घ्या. दुरुस्ती १४ मार्चला आली. हत्यार चोरांच्या हाती पडलं ते महिन्यानं. म्हणजे ठिगळ लावायला पुरता महिना होता. पण १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम याच फटीतून सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यानं कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. तेव्हा जगभर आरडाओरडा झाला, अग्रलेख आले. मायक्रोसॉफ्टनं २०१४ सालीच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा घाईनं ठिगळ दिलं. यानंतर तरी सगळे शहाणे झाले असतील, असं आपल्याला वाटेल.

तसं झालं नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून दुसरं संकट निघालं. त्याला ‘नॉटपेत्या’ म्हणतात. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून ते आत शिरलं आणि तीच विंडोजची फट वापरून संगणकामागून संगणक पुसत सुटलं. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्याबरोबर आपलं न्हावाशेवा. रायगड जिल्ह्यात उरणजवळ जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तिथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे मोठं टर्मिनल मर्स्कच्याच समूहातली कंपनी चालवत होती. त्याचे संगणक बसले. कोणता कंटेनर कोणत्या थरात, कोणत्या जहाजावर, कोणत्या ट्रकवर, हे सांगणारी यंत्रणाच आंधळी झाली. कंटेनर हलवायचं काम थांबलं. मग हातानं नोंदी करून थोडं थोडं पुढे सरकवायची पाळी आली, काही माल शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावा लागला आणि वाहनं उभी करायला जागा शोधावी लागली.

श्रोतेहो, सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा परदेशी जायचा तो बहुधा याच वाटेनं. हंगामात आमच्याकडची द्राक्षंही थंड कंटेनरांतून याच बंदराकडे जातात. ही घटना पावसाळ्यात घडली, द्राक्षांच्या ऐन दिवसांत घडली असती तर काय झालं असतं, याचा विचार बागाईतदारानं करून पाहावा. परदेशातल्या एका इमारतीत वहीतला एक आकडा अर्धवट दुरुस्त होतो आणि त्याचा हिशेब शेवटी कवठेमहांकाळच्या बांधावर येऊन थांबू शकतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नॉटपेत्याकडे ही एकच किल्ली नव्हती. एका संगणकात शिरलं की तिथं साठवलेले परवलीचे शब्द चोरून ते शेजारच्या, ठिगळ लावलेल्या संगणकातही जाई. म्हणजे शंभरांतल्या नव्व्याण्णव जणांनी दार नीट लावलं आणि एकानं उघडं ठेवलं, तरी ते नव्व्याण्णव सुरक्षित नव्हते. साथीच्या रोगासारखंच हे आहे.

मर्स्कला या प्रकारात पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचा फटका बसला. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभारावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे दावोसच्या सभेत सांगितलं. त्यातली एक हकीकत आपल्या भारनियमन सोसलेल्या कानांना गोड वाटेल. कंपनीच्या सगळ्या जाळ्याची नोंद ठेवणारे जगभरातले सुमारे दीडशे संगणक पुसले गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. का? तर त्या वेळी तिथं वीज गेली होती. त्या एका संगणकातल्या नोंदी विमानानं इंग्लंडला नेल्या आणि त्यावरून सगळं पुन्हा बांधलं. वीज गेल्यामुळं कोणाचं भलं झाल्याची इतकी मोठी कथा मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

आता आपल्या गावात येऊ. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत मी अधूनमधून जात असतो. भाजीवाले, रिक्षावाले, शिलाई करणाऱ्या बायका यांचे रोजचे पैसे तिथं जमा होतात. तिथल्या कारकुनाच्या पडद्यावर ‘अद्ययावत करा’ असा निरोप किती तरी दिवस झळकत असतो. मी विचारलं, तर तो म्हणाला, “चाचा, मार्च एंड आहे. आत्ता हात लावला आणि यंत्र बसलं, तर साहेब मलाच धरतील.” एप्रिलमध्ये विचारलं, तर ऑडिट चालू होतं. त्याला मी दोष देत नाही. ठिगळ लावलं नाही आणि काही झालं नाही, तर त्याला कोणी बोलत नाही. ठिगळ लावलं आणि काही मोडलं, तर तो एकटा सापडतो. अशा हिशेबात माणूस काय करेल, हे उघड आहे.

आणि त्याची भीती अगदीच खोटी नाही. १९ जुलै २०२४ची सकाळ आठवा. संगणकांचं रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीनं विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या आपल्या पहारेकऱ्याला नवी माहिती पाठवली. पहारेकरी एकविसावा रकाना वाचायला गेला आणि समोर होते वीसच. हद्दीबाहेर पाय पडताच गाभा कोसळला. जगातले सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक निळा पडदा दाखवत बसले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले पास दिले गेले. हाही बांधाबाहेर जाण्याचाच दोष, फक्त तो रखवालदाराकडून घडला. तेव्हा ठिगळ डोळे झाकून लावा, असं मी म्हणणार नाही. आधी एका यंत्रावर लावून पाहावं, दप्तराची नक्कल वेगळी काढून ठेवावी, मग बाकीच्यांना लावावं. पण यात दिवस जावेत, वर्षं जाऊ नयेत.

याचं एक कारण फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. शुद्धिपत्र चोरही वाचतो. दुरुस्ती जाहीर झाली की आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून तो पाहतो, बदललेली ओळ कोणती. चूक नेमकी कुठं होती, हे त्याला त्या दुरुस्तीनंच कळतं. म्हणजे दुरुस्ती आल्या दिवसापासून ती लावणारा सुरक्षित होतो आणि न लावणारा पूर्वीपेक्षा जास्त उघडा पडतो. आपल्याला वाटतं, ‘इतके दिवस काही झालं नाही, आणखी थोडे दिवस काय होणार?’ पण ते आधीचे दिवस आणि हे नंतरचे दिवस सारखे नसतात.

मूळ दुखण्यावर इलाज चालू आहे. मायक्रोसॉफ्टनंच २०१९मध्ये सांगितलं की दर वर्षी ते ज्या सुरक्षेच्या चुका दुरुस्त करतात, त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के या स्मृतीच्या हद्दीच्या असतात. म्हणून ‘रस्ट’सारख्या नव्या भाषा आल्या आहेत. त्यांत बांध ओलांडणारी ओळ लिहिली, तर बहुधा प्रोग्रॅम तयार होण्याआधीच ती पकडली जाते. डिसेंबर २०२२मध्ये लिनक्सच्या गाभ्यात या भाषेला पहिल्यांदा जागा मिळाली. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या बाबतीत गूगलनं दिलेला आकडा आशा वाढवणारा आहे. २०१९मध्ये त्यातल्या सुरक्षेच्या दोषांपैकी ७६ टक्के या जातीचे होते, २०२४मध्ये ते २४ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे जुनं सगळं पाडून हे झालेलं नाही. नवं बांधकाम तेवढं नव्या रीतीनं केलं आणि जुन्याची डागडुजी चालू ठेवली.

पण जुने वाडे अजून कितीतरी वर्षं उभे राहणार आहेत आणि त्यांत माणसं राहणार आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची मोफत दुरुस्ती संपली. ठरावीक काळाची मुदतवाढ घेता येते, पण ती मागून घ्यावी लागते. ज्या पतसंस्थेत, ज्या दवाखान्यात, ज्या शाळेच्या कार्यालयात असे संगणक आहेत, तिथं शुद्धिपत्र आपोआप चालत येणार नाही. संचालक मंडळाच्या सभेत चहा-बिस्किटांच्या खर्चावर चर्चा होते, तशी एकदा यावरही व्हावी. ठिगळ कोणी लावायचं, कोणत्या दिवशी लावायचं, आणि लावताना काही मोडलं तर त्या कारकुनाच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे ठरावात लिहून ठेवावं. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला पाठबळ आहे, तोच हात घालतो.

गाभ्यातला आकडा दुरुस्त करणारा माणूस कुठंतरी दूर बसलेला असतो. त्याचं नाव आपल्याला कळत नाही आणि त्याचं काम नीट झालं, तर काहीच घडत नाही. बातमीसुद्धा होत नाही. त्यानं आपल्या वाट्याचं काम केलेलं आहे. उरलेलं आपल्याकडे आहे. आज घरी गेल्यावर फोनवर ‘अद्ययावत करा’ असा निरोप दिसला, तर तो बाजूला सारू नका. आणि तुमचे पैसे जिथं ठेवलेले आहेत, तिथल्या साहेबांना हक्कानं एक प्रश्न विचारा, ‘शेवटचं ठिगळ कधी लावलं?’